शिसं म्हणजे डाग नव्हे, मावशी

परवा मावशीचा फोन. आजीच्या मोठ्या बरणीत तिने उकळतं पाणी, मीठ आणि दोन लिंबं घालून तासभर ठेवलं होतं. "शिसं निघालं सगळं, आता आंबट-खारट काहीही भर," म्हणाली. हे ज्ञान ‘वडिलोपार्जित बरणीचं वय ओळखा’ या फॉरवर्डमधलं. तो मलाही चार ग्रुपांवर आला होता आणि मी मुकाट्याने पुसून टाकला होता. बोलायला हवं होतं.

आधी तो लिंबाचा उतारा. शिसं झिलईवर, म्हणजे मातीच्या बरणीवरच्या काचेसारख्या थरावर, बसलेला मळ नसतो, ज्या झिलईत ते असतं तिचा ते घटकच असतं. आंबट पाणी ते थोडं ओढून घेतं, खरं आहे. पण वरचं गेलं तरी खालची झिलई त्याच मिश्रणाची! प्रयोगशाळेत भांडं तपासतात तेव्हा त्यात 4 टक्के ॲसिटिक आम्ल भरून 24 तास ठेवतात आणि पाण्यात उतरलेलं शिसं मोजतात. म्हणजे फॉरवर्डवाल्याने अर्धवट तपासणी केली आणि तिलाच सफाई म्हटलं. अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन तर स्वच्छ सांगतं, की कितीही धुवा, उकळा, भांड्यातलं शिसं जात नाही. नुसतं बघूनही ते ओळखता येत नाही. शिवाय गार बरणीत उकळतं पाणी ओतल्यावर ती तडकली नाही, हे मावशीचं नशीब.

‘टिचकी मारा, टण्ण वाजली तर बिनधास्त वापरा.’ यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. स्टोनवेअर, म्हणजे दगडासारखी टणक मातीची भांडी, 1200 अंशांच्या वर भाजतात. माती घट्ट होते, म्हणून खणखणीत वाजते, आणि तडा असेल तर आवाज बद्द येतो. एवढ्या आचेवर भट्टीत मीठ टाकून आणलेली, संत्र्याच्या सालीसारखी खरबरीत झिलई असेल तर तिला शिसं लागतही नाही. शिशाची झिलई मुख्यतः कमी आचेच्या भांड्यांवर असायची. पण आवाज मातीची खबर देतो. झिलईत काय कालवलंय, ते टिचकीला कसं कळणार?

‘झिलईवर जाळी म्हणजे शंभर वर्षं नक्की.’ छे. झिलई मातीपेक्षा जास्त आक्रसली की जाळी पडते, कधी भट्टीतून काढतानाच. बुडाशी देशाचं नाव असेल तर मात्र थोडा सुगावा लागतो, कारण 1891 पासून अमेरिकेत जाणाऱ्या परदेशी मालावर ते लिहिणं सक्तीचं झालं. आतून बोटांच्या वळ्या लागल्या तर बरणी बहुधा चाकावर घडवलेली. एवढ्यावरून साल सांगणारा थापा मारतोय.

आणि खांद्यावरचा आकडा! ‘2 असेल तर 1902 सालची.’ मग 20 आकड्याची बरणी कुठल्या सालची म्हणायची? इंग्लंड-अमेरिकेकडच्या बरण्यांवर हा आकडा गॅलनचा असतो. इंग्रजी गॅलन साडेचार लिटरचा, अमेरिकन पावणेचार लिटरचा. मावशीला म्हटलं, तुझ्या बरणीवर 2 आहे ना, मग पाणी मोजून ओत.

संध्याकाळी तिचा मेसेज आला: "काठोकाठ नऊ लिटर बसलं रे. मग आता यात छत्र्या ठेवू का?" ठेव म्हटलं. फॉरवर्ड मात्र अजून तिच्या स्टेटसला आहे.