अकरा नंबरचा पाय आणि पहिला स्नोबोर्ड : एका फिरत्या सल्ल्याचा प्रतिवाद

गेल्या हिवाळ्यापासून बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातल्या डोंगरभटक्या मंडळींच्या मोबाइलवर एक मजकूर फिरतो आहे. गुलमर्ग किंवा मनालीजवळच्या सोलंगला जाऊन स्नोबोर्डिंग (दोन्ही पाय एकाच फळीवर आडवे बांधून बर्फावरून घसरण्याचा खेळ) शिकू पाहणाऱ्या, पण पाय मोठे असणाऱ्या नवशिक्यांसाठी तो लिहिलेला आहे. त्याचा आशय असा : दहा नंबरपर्यंतचा पाय कोणत्याही बोर्डवर चालतो, त्यापुढच्या नवशिक्यानेही रुंदीचा विचार करू नये, कारण त्याला बोर्ड फारसा कलवता येत नाही आणि त्यामुळे बुटांची टोके बर्फाला लागत नाहीत, रुंद बोर्ड वळायला जड असल्याने तो तरबेज माणसानेच घ्यावा, पाय मोठा असेल तर बोर्ड हनुवटीच्याही वर जाईल इतका लांब घ्यावा, बूट दोन नंबर मोठे घ्यावेत, म्हणजे दोन जोड मोजे बसतात, आणि एवढे करूनही पाय बोर्डच्या कडेबाहेर आलाच तर बाइंडिंग, म्हणजे बूट बोर्डला जखडणारा पट्ट्यांचा साचा, तिरके फिरवावे. माझा भाचा निपाणीला असतो आणि त्याच्या मापाची चप्पल दुकानात टांगलेली कधी सापडत नाही. त्याने हा मजकूर मला पाठवून "मामा, ह्याप्रमाणं मागवू काय?" असे विचारले. फोनवर त्याला दिलेले उत्तर अपुरे होते, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

आधी त्या दहा नंबराचे पाहू. स्नोबोर्डच्या मापांच्या तक्त्यांत बुटांचे जे आकडे दिलेले असतात ते बहुतेक वेळा अमेरिकन असतात, आणि आपल्याकडच्या दुकानांत सहसा चालतो तो ब्रिटिश आकडा. पुरुषांच्या बुटांत या दोहोंत साधारण एकाचा फरक पडतो, म्हणजे आपला दहा हा तक्त्यातला अकरा होतो. पुरुषांचे नेहमीचे बोर्ड अमेरिकन साडेदहा-अकरापासूनच अपुरे पडू लागतात, त्यामुळे मजकूर ज्याला निर्धास्त करतो तोच माणूस नेमका रेषेवर उभा असतो. (रेषेच्या अलीकडे आणि पलीकडे असण्याने किती फरक पडतो, हे सीमाभागात वेगळे सांगायला नको.) शिवाय मूळ प्रश्न नंबराचा नाहीच. अथणी-निपाणीकडचा जुन्या पद्धतीचा चप्पल कारागीर गिऱ्हाइकाला नंबर विचारीत बसत नाही; तो कागदावर पाय ठेवायला सांगतो आणि पेन्सिल उभी धरून कडेने फिरवतो. स्नोबोर्डच्या बुटांवरही मोंडो नावाचे जे माप छापलेले असते, ते पायाचीच सेंटिमीटर किंवा मिलिमीटरमधली लांबी असते. घरातल्या शहाबादी फरशीवर टाच भिंतीला लावून, पायावर पूर्ण वजन देऊन उभे राहावे, सर्वांत पुढे आलेल्या बोटापाशी खूण करावी आणि दोन्ही पाय मोजून मोठा आकडा धरावा. माझा उजवा पाय २९.५ सेंटिमीटर भरतो, डावा त्याहून किंचित कमी.

आता मजकुरातला सर्वांत पटणारा आणि म्हणूनच सर्वांत घातक मुद्दा : नवशिक्या बोर्ड कलवत नाही, तेव्हा रुंदी गौण आहे. यात अर्धे सत्य आहे, हे मान्य करायला हवे. अगदी सौम्य उतारावर पहिला दिवस बोर्ड जवळजवळ सपाट ठेवून घसरण्यातच जातो आणि त्या वेळी बूट थोडा बाहेर आला तरी कळतही नाही. परंतु मी स्वतः गुलमर्गला जो बोर्ड भाड्याने घेतला होता त्याची कंबर, म्हणजे मधली सर्वांत अरुंद जागा, २५ सेंटिमीटर होती आणि पायांखाली ती २६.२ भरत होती. माझ्या बुटाची बाहेरून लांबी ३२.५ सेंटिमीटर होती. पाय १५ अंश तिरका ठेवला की ही लांबी बोर्डच्या रुंदीच्या दिशेने सुमारे ३१.४ सेंटिमीटर उरते, म्हणजे दोन्ही बाजू मिळून ५.२ सेंटिमीटर बूट बाहेर येतो. बूट बरोबर मध्ये बसला असता तर प्रत्येक बाजूला २.६ आले असते. दुकानदाराने घाईत बाइंडिंग बसवून दिल्यामुळे बोटांकडे साडेतीन आणि टाचेकडे १.७ आले होते, आणि मला त्या दिवशी त्याची कल्पनाही नव्हती.

याचा अर्थ कोनाच्या हिशेबाने काय होतो ते पाहण्यासारखे आहे. बोर्डच्या तळापासून बुटाचा तळवा ३ सेंटिमीटर उंचीवर आहे असे धरले, तर साडेतीन सेंटिमीटर बाहेर आलेले टोक बोर्ड सुमारे ४० अंश कलला की कडक बर्फाला लागते; २.६ आले असेल तर ४९ अंशांना आणि १.४ असेल तर सुमारे ६५ अंशांना. बुटाचे टोक थोडे वर वळलेले असल्याने प्रत्यक्षात काही अंशांची सवलत मिळते. पण हे सारे कडक बर्फाचे झाले. गुलमर्ग ज्यासाठी नावाजलेले आहे त्या ताज्या, भुसभुशीत बर्फात कड केवळ एक सेंटिमीटर रुतली तरी उंची तीनाची दोन होते, आणि मग तेच साडेतीन सेंटिमीटर ३० अंशांना बर्फात खुपसले जाते. घाबरलेला नवशिक्या नेमके काय करतो? वेग वाढला की तो मागे बसतो, टाचेकडची कड एकदम उभी करतो, आणि चाळीस अंश म्हणजे फार असे समजणाऱ्याच्याही नकळत तेवढा कल देऊन मोकळा होतो. टाचेचा भाग बर्फावर टेकला की बोर्डची कड त्यावर उचलली जाते, पकड सुटते आणि माणूस पाठीवर आपटतो. आपले तंत्र चुकले असे त्याला वाटते. मला तरी पहिले दोन दिवस तसेच वाटले.

तिसऱ्या दिवशी शिकवणाऱ्या मुलाने मला थांबवून मागे बघायला लावले. बोटांच्या कडेवर मी जे वळण घेतले होते, त्याचा माग बर्फात दुहेरी उमटला होता : एक कडेची बारीक, स्वच्छ रेघ, आणि तिच्या बाहेर तीन-चार बोटांवर दुसरी, फाटकी, ढेकळे उपटल्यासारखी. ती बुटाच्या टोकाची होती. त्या जागी मी का पडलो हे त्या दोन रेघांनीच सांगितले. बूट एका बाजूला साधारण एक ते दोन सेंटिमीटर बाहेर येणे योग्यच असते, कारण कडेवर जोर द्यायला तेवढा तरफेचा हात लागतो; बूट पूर्णपणे आत राहिला तर उलट बोर्ड कलवायला कष्ट पडतात. दोनाच्या पुढे गेला की मात्र नवशिक्या असो की तरबेज, बर्फ दोघांना सारखीच वागणूक देतो.

येथेच रुंद बोर्ड तरबेजांचा, या विधानाचेही उत्तर आहे. पुरुषांच्या नेहमीच्या बोर्डची कंबर ढोबळमानाने २५० ते २५५ मिलिमीटर असते आणि २६० च्या पुढे गेलेल्याला सहसा रुंद म्हणतात. अशा बोर्डच्या लांबीपुढे बहुधा डब्ल्यू हे अक्षर असते, जसे १५८डब्ल्यू. या अक्षराचा कौशल्याशी संबंध नाही. २६ सेंटिमीटरचा पाय असलेल्या माणसाला असा बोर्ड एका कडेवरून दुसरीवर न्यायला खरोखरच सुस्त वाटेल, आणि मजकूर लिहिणाऱ्याने हा अनुभव कुठून तरी ऐकलेला असावा. पण तो सुस्तपणा पायाच्या मानाने रुंदी जास्त झाल्याचा असतो. तीस सेंटिमीटरच्या पायाखाली तोच बोर्ड रुंद राहतच नाही, त्याच्या दृष्टीने तो साधा बोर्ड होतो. नवशिक्यासाठी पाहायचे ते वेगळेच : बोर्ड मऊ असावा, म्हणजे दहापैकी साधारण दोन ते पाच कडकपणाचा, आणि टोके थोडी उचललेली असावीत, म्हणजे चुकून कड अडकण्याचे प्रमाण कमी होते. या दोन्ही गोष्टी रुंद बोर्डमध्येही मिळतात, फक्त जरा शोधाव्या लागतात.

लांबीबद्दल फार लिहीत नाही. हनुवटीची खूण ही दुकानात उभ्या उभ्या करायची अटकळ आहे. बोर्ड किती वाकतो हे उंचीवर नव्हे तर वजनावर ठरते आणि म्हणून तक्त्यात किलोंचा पल्ला दिलेला असतो. एकाच उंचीचे दोघे, एक साठ किलोचा आणि दुसरा तालमीतला नव्वद किलोचा, एकच बोर्ड वापरू शकत नाहीत. पाय मोठा म्हणून बोर्ड लांब घेणे तर उलटेच आहे. रुंदी वाढली की बर्फावर टेकणारे क्षेत्र वाढते, त्यामुळे रुंद बोर्ड नेहमीच्या मापापेक्षा दोन-तीन सेंटिमीटर आखूड घेतला तरी भागते, आणि आखूड बोर्ड शिकणाऱ्याला फिरवायला सोपा जातो. लांबी वाढवून अरुंदपणा भरून निघत नाही.

बूट दोन नंबर मोठे घ्यावेत, हा सल्ला कुठून आला असावा याचा मला अंदाज आहे. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र असल्यामुळे आमच्याकडे गल्लोगल्ली काश्मीरचा बर्फ पाहिलेले निवृत्त जवान आहेत, आणि बर्फात चालायचे तर बुटात बोटे हलायला जागा हवी हे त्यांचे म्हणणे अगदी बरोबर आहे. चालण्याच्या बुटासाठी ते बरोबर आहे. स्नोबोर्डच्या बुटात पाय हा गाडीच्या स्टिअरिंगसारखा असतो. आत टाच अर्धा इंच उचलली गेली की तेवढा वेळ बोर्डला हुकूम पोहोचत नाही. सरळ उभे राहिल्यावर बोटे टोकाला हलकी टेकावीत आणि गुडघे वाकवले की ती किंचित मागे सरकावीत, एवढाच घट्टपणा हवा. आतले अस्तर काही दिवसांत दबून आणखी सैल होते, हेही लक्षात ठेवावे. मोजे एकच जोड, पातळ. दोन जोडांनी घड्या पडतात आणि रक्ताभिसरण अडून पाय उलट जास्त गारठतो. आणि मोठ्या पायाच्या माणसाच्या बाबतीत तर हा सल्ला स्वतःवरच उलटतो, कारण दोन नंबर म्हणजे सुमारे पावणेदोन सेंटिमीटर, जे सगळे बोर्डच्या बाहेर जाऊन पडतात. याच्या नेमके उलट, काही बूट आतून तेवढेच पण बाहेरून आखूड बांधणीचे मिळतात. मोठ्या पायासाठी पैसे खर्चायचेच तर पहिल्यांदा तिथे खर्चावेत.

राहता राहिले तिरके बाइंडिंग. गणित पाहिले तर युक्ती खरी आहे : ३२.५ सेंटिमीटरचा बूट १५ ऐवजी ३० अंशांवर ठेवला की आडवी लांबी ३१.४ वरून २८.१ वर येते. पण दोन्ही पाय पुढच्या दिशेला ३० अंश वळवून शिकणे म्हणजे बैलगाडीच्या जोखडात मान अडकवून नाचणे शिकण्यासारखे आहे. पहिल्या आठवड्यात दोन्ही दिशांनी तिरके घसरायला शिकायचे असते आणि त्यासाठी पुढचा पाय १५ अंश पुढे व मागचा पाय सहा ते पंधरा अंश मागच्या टोकाकडे वळलेला असणे सोयीचे असते. कोन हा बोर्ड बरोबर निवडल्यानंतरच्या बारीक फेरबदलासाठी आहे. त्यापेक्षा मजकुरात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट अधिक कामाची : बाइंडिंगच्या मधली तबकडी सैल करून बूट बोटांकडे आणि टाचेकडे सारखा बाहेर येईल असा सरकवणे. बूट आत घालून, पट्ट्या आवळून, मगच पट्टीने मोजावे. माझ्या भाड्याच्या बोर्डवर एवढे केले असते तरी साडेतीनाचे २.६ झाले असते.

भाच्याचा पाय ३०.५ सेंटिमीटर निघाला. त्याने आधी फक्त बूट मागवले, आखूड बांधणीचे, आणि ते परवा निपाणीत पोहोचले. बाहेरून ते बरोबर ३३ सेंटिमीटर आहेत, म्हणजे १५ अंशांवर सुमारे ३१.९. प्रत्येक बाजूला दोन सेंटिमीटरपर्यंत सोडले तर पायांखाली निदान २८ सेंटिमीटर रुंदी लागते, आणि ती मिळण्यासाठी कंबर २६.८ च्या आसपास हवी. त्याचे वजन ८८ किलो आहे. त्या हिशेबाने तो आता १५७ ते १५९ लांबीचा मऊ, डब्ल्यू अक्षराचा बोर्ड शोधतो आहे. एका विक्रेत्याने कंबरेचा आकडा दिला, पण पायांखालची रुंदी सांगायला त्याने दोन दिवस मागून घेतले आहेत.