गंधक, चुना आणि दाजींचे पंचवीस पैसे

जुलै २०२५ मधे केंद्र सरकारने कोळशावर चालणाऱ्या सुमारे ७८ टक्के युनिटना (म्हणजे वीज तयार करणाऱ्या संचांना) धुरातला सल्फर डायऑक्साइड काढायचं यंत्र, म्हणजे एफजीडी, बसवण्यातून सूट दिली आणि त्याच संध्याकाळी आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी ती बातमी टाकून खाली लिहिलं, "सुटलो एकदाचे". दाजी विदर्भात एका औष्णिक केंद्रात बॉयलरला आहेत, शेती कवठेमहांकाळ तालुक्यात, म्हैसाळ योजनेच्या पाण्यावर. मी इकडं जर्मनीत कोलोनच्या बाजूला प्लास्टरबोर्डच्या फॅक्टरीत क्वालिटी लॅबमधे काम करते, अकरा वर्षं झाली. मी म्हटलं दाजी, ह्यात सुटण्यासारखं काय आहे? तर म्हणाले, "तुला तिकडं बसून बोलायला काय जातंय, इथं विजेच्या युनिटमागं पंचवीस-तीस पैसे वाढले तर म्हैसाळच्या पंपाचं बिल कोण भरणार, तुझे जर्मन?"

आता हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. सांगली जिल्ह्यात ताकारी, टेंभू, म्हैसाळ सगळं उपशावर, कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढवायचं म्हणजे वीजच खायची. बिलातले ८१ टक्के सरकारनं भरायचे आणि १९ टक्के शेतकऱ्यानं, तरी थकबाकीनं योजना बंद पडल्याचे दिवस आम्ही पाहिलेत. पंचवीस-तीस पैसे हा आकडा उद्योगवाल्यांच्या हवाल्याने छापून आलेला, जरा फुगवलेला असेलही, पण शून्य नक्की नाही. माझ्यासारखी माणसं, जी इथं युनिटला तीस-पस्तीस रुपये भरतात आणि तक्रार फक्त ऑफिसच्या कॉफीजवळ करतात, त्यांनी "पैशाचं काय एवढं" म्हणू नये.

पण दाजींचं आणि माझं भांडण पैशावर नव्हतंच, ते मला दोनतीन दिवसांनी कळलं. भांडण असं की दोघंही एफजीडी म्हणजे एकच वस्तू धरून बोलत होतो. पेपरातही तेच चाललेलं, बसवा का नको बसवा, जणू दुकानात एकच मॉडेल आहे.

आमचे आप्पा साखर कारखान्यात केमिस्ट होते. ज्यानं गाळपाच्या हंगामात कारखाना आतून बघितलाय त्याला सल्फर बर्नर माहीत असतो. गंधक जाळायचा, त्याचा वायू उसाच्या गरम रसात सोडायचा आणि सोबत चुन्याचं दूध, दोघं मिळून कॅल्शियम सल्फाइट होऊन खाली बसतं, बसताना रसातली घाण घेऊन बसतं, रस स्वच्छ होतो आणि साखर पांढरी. आप्पा घरी आले की शर्टाला तो वास, घशात ठसका. (तासगावकडं पिवळा बेदाणा करताना गंधकाची धुरी देतात तिथंही हाच वास, आमच्याकडं लहान पोरालाही ओळखू येतो.) तर वीजकेंद्रातली ओली पद्धत म्हणजे तीच केमिस्ट्री. तिथं वायू आपण मुद्दाम करत नाही, कोळशातून फुकट येतो, आणि चुन्याच्या जागी चुनखडीची भुकटी पाण्यात कालवून धुरावर फवारतात. पुढं हवा फुंकली की सल्फाइटचा जिप्सम होतो, ज्याचा आमच्या फॅक्टरीत प्लास्टरबोर्ड करतात. ९५ टक्के किंवा त्याहून जास्त वायू धुरातून निघतो. आप्पांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मग एवढं काय त्यात, आम्ही पन्नास वर्षं करतोय."

काय एवढं ते कागदावर काढलं. आपल्या कोळशात गंधक कमी, साधारण अर्धा टक्का किंवा त्याच्याही खाली, राखच जास्त. ०.४ टक्के धरला तर एक टन कोळशात ४ किलो गंधक, जळून ८ किलो सल्फर डायऑक्साइड. ५०० मेगावॅटचं युनिट तासाला सव्वातीनशे टन कोळसा खातं, म्हणजे दिवसाला साठ टनांच्या पुढं वायू, एका युनिटचा. हे "कमी गंधक" बरं का! तो धुऊन काढायला रोज शंभर टनांच्या आसपास चुनखडी लागते आणि दीडशेच्या वर टन जिप्सम निघतो. आणि जे सांगतात की चुनखडीतून कार्बन डायऑक्साइड सुटतो म्हणून एफजीडीनं हवामानाचं नुकसान होतं, त्यांच्यासाठी तोही काढला, दिवसाला चाळीस-पंचेचाळीस टन, आणि तेच युनिट नुसत्या कोळशातून दिवसाला अकरा हजार टनांच्या घरात सोडतं. यंत्र चालवायला टक्का-दीड टक्का वीज जाते तीही मिळवा. तरी हा मुद्दा म्हणजे बैलगाडी भरून नेताना शेपटीचं वजन मोजण्यातला.

पाण्याचा मुद्दा मात्र खरा आहे. ओल्या पद्धतीला पाणी लागतं, गरम धूर ते वाफ करून नेतो. परळीचं वीज केंद्र २०१५ मधे पाण्यावाचून बंद ठेवायला लागलं होतं, आणि पुढच्या एप्रिलमधे आमच्या मिरजेहून रेल्वेनं कृष्णेचं पाणी लातूरला गेलं, सगळ्यांना आठवत असेल. त्या परळीत २५० मेगावॅटच्या युनिटला ओलं एफजीडी लावा म्हणणं म्हणजे दुष्काळात लग्नाच्या पंगती उठवणं. तिथं अर्धसुकी पद्धत आहे, चुन्याचं दूध फवारायचं पण इतकंच की धुराच्या उष्णतेनं सगळं वाळून भुकटी होईल, पाणी कमी लागतं. नाहीतर पूर्ण सुकी, सोडियम बायकार्बोनेटची, म्हणजे खायच्या सोड्याची, पूड सरळ धुरात मारायची. एनटीपीसी ह्या सरकारी वीज कंपनीनं दिल्लीजवळ दादरीला २१० मेगावॅटच्या चार युनिटना ती लावलीय. यंत्र स्वस्त, जागा कमी, युनिट फार दिवस बंद ठेवायला लागत नाही. पण पूड महाग आणि रोज लागते, वायू ओल्या पद्धतीइतका निघत नाही, आणि राखेत सोडियम मिसळला की सिमेंटवाला नाक मुरडतो. म्हणजे दहाबारा वर्षं आयुष्य उरलेल्या जुन्या छोट्या युनिटला ठीक, नव्या मोठ्याला परवडणार नाही.

समुद्राकाठी तर चुनखडीही नको, समुद्राच्या पाण्यातच आम्ल मारणारे क्षार असतात. आपल्या डहाणूला २००७ पासून तसं यंत्र आहे, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारींच्या पर्यावरण प्राधिकरणानं चिकूच्या बागांसाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करून लावायला लावलं. ट्रॉम्बेलाही आहे. महाराष्ट्रात हे जमलेलं आहे हे मला इकडं येऊन वाचायला लागलं ह्याची लाज वाटते. अमोनियाची पण पद्धत आहे, खत मिळतं, पण अमोनिया हाताळायचा म्हणजे वेगळीच डोकेदुखी, ती सोडून देते.

मला विचाराल तर सगळ्यात सोपी केस चंद्रपूरची. २९२० मेगावॅट, त्यातली पाच युनिटं ५०० ची, चुनखडी त्याच जिल्ह्यात, आणि सिमेंट कारखाने पण तिथंच, ज्यांना जिप्सम लागतोच. देश जिप्सम बाहेरून आणतो आणि इथं रोज शेकडो टनांचा माल चिमणीतून वर जातो. दाजींना हे लिहिलं तर त्यांनी अंगठा दाखवला. पण मग म्हणाले, "आमचं स्टॅक (चिमणी) पावणेतीनशे मीटर आहे, गावाला लागत नाही." गावाला लागत नाही, बरोबर. तो वायू वर जाऊन शेकडो किलोमीटर वाहतो, वाटेत शेतातल्या युरियाचा आणि शेणाचा अमोनिया भेटतो आणि त्याचा बारीक कण होतो, छातीत जाणारा. म्हणून दिल्ली परिसराच्या आणि दहा लाखांवरच्या शहरांच्या १० किलोमीटरच्या आतल्यांनी २०२७ च्या शेवटापर्यंत बसवा आणि बाकीच्या बहुतेकांना सूट, ह्या नियमातला १० चा आकडा मला कळत नाही. धूर काय मैलाचा दगड वाचून थांबतो?

आता जर्मनीचं कौतुक करायची माझी पाळी, तर जपूनच करते. इथं ह्याच वायूच्या आम्लपावसानं जंगलं वाळायला लागली तेव्हा १९८३ मधे कायदा केला आणि पश्चिमेकडच्या मोठ्या केंद्रांनी पाचसहा वर्षांत यंत्रं बसवली. आपल्याकडं नियम डिसेंबर २०१५ चा, दोन वर्षांत करायचं होतं, मग मुदतवाढ, मग परत मुदतवाढ, मग सूट. पण जर्मनांकडं पैसा होता आणि त्यांच्या बऱ्याच कोळशात गंधकही जास्त, हे इकडून उपदेश करणारे आमचे लोक सांगत नाहीत. पूर्व जर्मनीत तर एकीकरण होईपर्यंत कोणी काही केलं नाही. आणि एक गंमत, हवा साफ झाल्यावर इथल्या मोहरीसारख्या रेपच्या पिकाला गंधक कमी पडायला लागला, पिवळी फुलं फिकट पांढरी यायला लागली, शेतकऱ्यांनी पिशवीतनं गंधक विकत आणून टाकला. इतकी वर्षं तो आभाळातनं फुकट पडत होता.

माझी नोकरी त्याच यंत्रांच्या जिवावर चालते. नीडरआउसेमसारख्या कोळशाच्या वीजकेंद्रातला जिप्सम, इथं रेआ-गिप्स म्हणतात, नैसर्गिकपेक्षा शुद्ध, देशाची निम्म्याच्या आसपास गरज त्यानं भागायची. आता ऱ्हाइनकाठचा कोळसा २०३० पर्यंत बंद होणार, तर जिप्सम आणायचा कुठून म्हणून इथं रडारड, हार्त्सच्या डोंगरात नव्या खाणीला लोकांचा विरोध. आमच्या मीटिंगमधे तोच विषय. मी तिथं बसून मनात चंद्रपूरचा हिशोब करत असते.

परवा आप्पांना हे सगळं परत सांगत होते. आमची नदीकाठची दोन एकर आहे, ऊस पाजून पाजून चोपण, म्हणजे खारवट, झालेली, वर पांढरा फुफाटा येतो. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाले, "तो कोराडीचा का चंद्रपूरचा जिप्सम, ट्रॉली काय भावानं पडंल आपल्याकडं?" मी म्हटलं आप्पा, माल जवळजवळ फुकट असेल पण सातआठशे किलोमीटरचं भाडं परवडायचं नाही, आणि खाली निचऱ्याचे पाईप घातल्याशिवाय नुसता जिप्सम टाकून जमीन सुधारत नाही. "ते पाईपाचं बघतो मी," म्हणाले, "तू दाजींना विचार, सांगलीकडं रिकामा येणारा ट्रक असतो का त्यांच्याकडनं."