मुलीला नर्सिंगला घालताना काय काय पाहू नये

बारावीचा निकाल लागला, मुलगी म्हणाली ‘मला नर्सिंगला जायचंय’ आणि तुम्ही ‘घालू की, त्यात काय’ म्हणालात. अभिनंदन. निम्मं काम इथेच उरकलं. राहिलं कॉलेज निवडणं. ते त्याहून सोपं आहे; फक्त काही गोष्टींकडे चुकूनही बघायचं नाही, एवढं पथ्य पाळा.

सुरुवात फ्लेक्सपासून करा. एसटी स्टँडसमोरच्या फ्लेक्सवर गळ्यात स्टेथोस्कोप घातलेली एक गोरीपान मुलगी हसत असते. ती त्या कॉलेजची नसते, बहुधा या देशातलीही नसते, पण तिच्या हसण्यावर विश्वास ठेवा. तिच्या खांद्याशी ‘शासनमान्य’ लिहिलेलं असतं. कुठलं शासन, कुठल्या कोर्सला, किती जागांना आणि कुठल्या वर्षापुरतं मान्य, हे विचारू नका. संस्थापक साहेबांचा फोटो त्याच फ्लेक्सवर हात जोडून उभा आहे, त्यांना काय वाटेल?

खाली ‘फक्त सहा महिन्यांत नर्स बना’ असंही असेल. एएनएमला (सहायक परिचारिका व प्रसाविका) दोन वर्षं, जीएनएमला (सर्वसाधारण परिचर्या व प्रसाविका) तीन आणि बीएस्सी नर्सिंगच्या पदवीला चार, हा हिशेब ज्यांच्याकडे वेळच वेळ आहे अशा लोकांसाठी. सहा महिन्यांत हातात पडतं ते पेशंट केअर, नर्सिंग असिस्टंट असल्या नावाचं सर्टिफिकेट. मदतनीस म्हणून कामाला ते उपयोगी असेलही, पण त्यावर महाराष्ट्र परिचर्या परिषदेत, म्हणजे राज्याच्या नर्सिंग कौन्सिलमध्ये, नर्स म्हणून नोंदणी होत नाही. हे तुम्हाला कोण सांगणार? फ्लेक्सवर तेवढी जागा नसते.

आता ऑफिसात चला. चहा येईल. पाठोपाठ फाइल येईल, प्रत्येक कागद प्लास्टिकच्या पाकिटात. फाइल उलटायची ती लग्नाचा अल्बम उलटतात तशी, पटापट आणि माना डोलवत. मध्ये कुठेतरी परवानगीचं पत्र लागेल. झेरॉक्समध्ये शैक्षणिक वर्ष असतं त्याच जागी नेमकी कुणाच्या तरी अंगठ्याची सावली पडलेली असेल आणि प्रवेशक्षमतेचा आकडा स्टेपलरच्या पिनेखाली गेला असेल. पिन काढू नका. पत्रात चाळीस जागा आणि वर्गात साठ मुली असं निघालं, तर त्या वीस जणींत आपली आहे का, हा विचार डोक्यात येतो आणि चहा गार होतो.

कुणी आगाऊ नातेवाईक सांगेल की हे शिक्के वेगवेगळे असतात. राज्य सरकारची परवानगी वेगळी. बीएस्सी असेल तर नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची संलग्नता वेगळी, एएनएम-जीएनएम असेल तर मुंबईच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची. पास झाल्यावर नोंदणी परिचर्या परिषदेकडे. आणि वर दिल्लीला इंडियन नर्सिंग कौन्सिल, १९४७ च्या कायद्याने आलेलं. तो म्हणेल, या सगळ्यांच्या याद्या मोबाइलवर दिसतात, कॉलेजचं नाव, कोर्स आणि जागा ताडून बघ. त्याला विचारा, तुझी मुलगी काय करते? गप्प बसेल.

इंडियन नर्सिंग कौन्सिलचा विषय निघालाच, तर ऑफिसातल्या मॅडमच्या हाताखालचा तरतरीत पोरगा सांगेल, ‘आयएनसीची गरजच नाही साहेब, कोर्टाने सांगितलंय.’ पोरगा अगदीच खोटं बोलत नाही. २०१७ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने म्हटलं की कॉलेजांना मान्यता देण्याचा अधिकार या कौन्सिलला कायद्याने नाही. तिथे राज्याची परिषद आणि विद्यापीठ पुरे. कौन्सिलच्या यादीतून कर्नाटकची कॉलेजं गेली आणि तिथे शिकणाऱ्या केरळच्या मुलामुलींच्या घरी घबराट उडाली, कारण दुसऱ्या राज्यात किंवा परदेशात नोकरीला जाताना आयएनसीचं नाव विचारलं जातं. कौन्सिल आता मान्यतेऐवजी ‘सुटेबिलिटी’, म्हणजे कॉलेज योग्य असल्याचा दाखला, देतं. तुम्ही निकालातलं पहिलं वाक्य लक्षात ठेवा आणि पुढची घबराट केरळवर सोडून द्या.

याच वेळी मॅडम हुकमाचा एक्का टाकतील: ‘आम्हाला नॅकची ए प्लस आहे.’ इथे टाळी वाजवा. बंगळुरूची नॅक कॉलेज-विद्यापीठांचा दर्जा तपासते. नर्सिंगचा वर्ग भरवायचा परवाना देत नाही आणि मुलीची नोंदणीही करत नाही. अमेरिकेतही ही दोन खाती वेगळी आहेत: राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मंजुरी असेल तर मुलं परवाना-परीक्षेला बसतात, आणि वरचं ॲक्रेडिटेशन, म्हणजे दर्जाचा शिक्का, पुढच्या शिक्षणाला, काही नोकऱ्यांना कामी येतं. पहिलं नसेल तर दुसऱ्याची फ्रेम भिंतीवरच शोभते. शिवाय २०२५ च्या फेब्रुवारीत सीबीआयने नॅकच्या तपासणी समितीतल्या लोकांनाच लाच घेतल्याच्या आरोपावरून पकडलं. पण सोनेरी अक्षरात छापलेल्या ए प्लसला नावं ठेवायची नसतात.

दवाखाना बघायचा आग्रह तर अजिबात धरू नका. नियमाप्रमाणे कॉलेजला शंभर खाटांचं स्वतःचं हॉस्पिटल लागतं, दहा विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक लागतो आणि एका विद्यार्थिनीच्या वाट्याला तीन रुग्ण यावेत अशी अपेक्षा असते. हे नियम केले तेव्हा मंगळवारी दुपारी तीन वाजता कुणी न सांगता वॉर्डात शिरेल, असं कुणाच्या मनातही नसणार. शिरलात तर काय दिसेल? ओळीने खाटा, गाद्यांवरचं प्लास्टिक तसंच, सलाईनच्या स्टँडला अडकवलेली कुणाची तरी ओढणी. स्किल लॅबमध्ये पुतळा झोपलेला, तोही खोक्यात, कारण मुलींनी हात लावला तर खराब होतो. इन्स्पेक्शनच्या दिवशी मात्र याच वॉर्डात अशी गर्दी उसळते की गावात साथ आली की काय असं वाटावं. रुग्णांना जेवण, जाण्यायेण्याचा खर्च आणि वर हातात काहीतरी. आजारी पडायचा असा भाव दुसरीकडे मिळत नाही.

यातलं काही मी रचून सांगतोय असं वाटत असेल, तर नागपूरहून छिंदवाड्याची गाडी पकडा आणि मध्य प्रदेशात उतरा. तिथल्या नर्सिंग कॉलेजांची मोजदाद करायला शेवटी कायद्याच्या विद्यार्थ्यांची संघटना जबलपूरच्या उच्च न्यायालयात गेली. नर्सिंगचं दुखणं वकिलीच्या पोरांनी ओळखावं, हे किती छान! एकच शिक्षक एकाच वेळी कितीतरी कॉलेजांच्या यादीत, आणि कागदावर हॉस्पिटल पण जागेवर नाही, असल्या तक्रारी होत्या. न्यायालयाने तपास सीबीआयकडे दिला. सीबीआयने ३०८ कॉलेजं तपासली आणि २०२४ च्या सुरुवातीला सांगितलं: १६९ योग्य, ७४ मध्ये त्रुटी, ६५ अयोग्य. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला, १६९ जणांनी तर पेढे वाटले असतील.

मग मे महिना उजाडला आणि सीबीआयने भोपाळमध्ये आपल्याच निरीक्षकाला दहा लाखांची लाच घेताना पकडलं. कशाची लाच? कॉलेज योग्य असल्याचा अहवाल देण्याची. कुंपणाने शेत खाल्लं म्हणतात ते ठीक, पण इथे कुंपणाची पाहणी करायला नेमलेल्यानेही दोन घास घेतले. तेव्हा न्यायालयाने त्या १६९ ‘योग्य’ कॉलेजांची पुन्हा तपासणी लावली, या वेळी न्यायिक अधिकारी बरोबर आणि सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण.

आणि मुलं? मधल्या काळात परीक्षांना स्थगिती होती. २०२० साली प्रवेश घेतलेली मुलं वर्षामागून वर्ष पहिल्याच वर्षात बसून होती. घरी विचारलं की ‘कितव्या वर्षाला?’ तर उत्तर पाठ. बरोबरीच्या मैत्रिणींची लग्नं झाली, बारशी झाली, आणि ही फर्स्ट इयर. तुमच्या दृष्टीने याची जमेची बाजू बघा: फी भरलेलीच आहे, मुलगी घरकामाला घरीच.

एक शंका मात्र तुमच्या मनात येऊ शकते. इतकं सगळं कच्चं असेल तर शेवटी एखादी मोठी परीक्षा कच्च्यांना गाळत असेलच ना? नाही. तिथेच तर आपली खरी सोय आहे. आपल्याकडे कोर्सची शेवटची परीक्षा पास झालं की परिषदेत कागद द्यायचे आणि नोंदणी घ्यायची. वेगळी परवाना-परीक्षा नाही. म्हणजे कॉलेज खरं आहे की नाही, हीच एकुलती एक चाळणी. तिला भोक पडलं की थेट पेशंटच्या खाटेपाशी पोचता येतं. त्या खाटेवर कधीतरी आपण असू शकतो, पण इतक्या लांबचं कशाला बघा.

परीक्षा असूनही काय होतं, तेही अमेरिकेने दाखवून दिलं. तिकडे एनक्लेक्स नावाची परवाना-परीक्षा आहे, आणि तिला बसण्याआधी राज्याचं बोर्ड तुमचं शिक्षण तपासतं. २०२३ च्या जानेवारीत ‘ऑपरेशन नाइटिंगेल’मध्ये उघड झालं की फ्लोरिडातल्या तीन संस्थांमधून सात हजार सहाशेहून जास्त खोट्या पदव्या आणि गुणपत्रकं विकली गेली, एकेक दहा ते पंधरा हजार डॉलरला. ती घेतलेल्यांपैकी सुमारे २,४०० जण एनक्लेक्स पासही झाले! पाठांतर करून परीक्षा सुटते. नस शोधताना समोरचा हात थरथरतो तेव्हा काय करायचं, ते वॉर्डात तास भरल्याशिवाय येत नाही. परीक्षेपेक्षा पात्रतेची चौकशी जास्त का करतात, ते त्या बोर्डांना यानंतर कुणी समजावून सांगायची गरज उरली नाही. आपल्याकडच्या हुशार लोकांनी यातून एवढाच बोध घेतला की तिकडचा भाव डॉलरमध्ये आहे.

प्रवेश घेताना शेवटी ओरिजिनल मागतील: दहावी-बारावीची मार्कशीट, टीसी, जातीचा दाखला, सगळं. निमूटपणे देऊन टाका. पावती मागू नका. पुढे मुलगी म्हणाली की ‘बाबा, हे कॉलेज यादीत नाही, मला दुसरीकडे घाला’, तर कागद त्यांच्या कपाटात आणि उरलेल्या वर्षांची फी भरल्याशिवाय किल्ली सापडत नाही, असा उत्तम बंदोबस्त झालेला असतो. मुलं मध्येच कॉलेज सोडत नाहीत याचा अभिमान संस्थेला का आहे, ते तेव्हा कळतं.

आणि स्वप्न परदेशाचं असेल, तर लॉगबुकांची, म्हणजे वॉर्डातल्या कामाच्या नोंदवह्यांची, काळजी आत्तापासून घ्या. एनक्लेक्सला बसायचं तर विद्यापीठ आणि कॉलेजकडून थेट कागद मागवतात. मेडिकल-सर्जिकल, बालरुग्ण, प्रसूती, मानसोपचार, प्रत्येकात वर्गात किती तास आणि वॉर्डात किती तास, असं विषयवार विचारतात. कॅलिफोर्नियाचं बोर्ड तर एखाद्या विषयाची थिअरी आणि त्याच विषयाचं क्लिनिकल एकाच काळात झालं का, इथवर खोदतं. तोवर कॉलेज बंद पडलेलं नसलं म्हणजे मिळवली. चालू असेल, तर परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलच्या व्हरांड्यात सगळ्या मुली मिळून चार वर्षांची क्लिनिकल पोस्टिंग लिहून काढतात, तेव्हा आपल्या मुलीला निळ्या पेनाच्या दोन-तीन वेगवेगळ्या छटा विकत घेऊन द्या. सगळ्या प्रसूती एकाच शाईत झालेल्या बऱ्या दिसत नाहीत.