विलिसचे वर्तुळ प्रत्येकात पूर्ण नसते

मेंदूच्या तळाशी धमन्या एकमेकींना जोडून बनलेल्या कड्यामुळे, म्हणजे विलिसच्या वर्तुळामुळे, मेंदूची एक धमनी बंद केली तरी दुसऱ्या बाजूने रक्त पोहोचतेच, हे मेंदूच्या धमनीवरच्या फुग्याच्या (अॅन्युरिझमच्या) शस्त्रक्रियेवरील लेखातील विधान मला पटले नाही. थॉमस विलिस यांनी १६६४ मध्ये वर्णिलेले हे वर्तुळ पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखे पूर्ण स्वरूपात निम्म्याहून कमी माणसांत आढळते, असे शवविच्छेदनाचे बरेच अभ्यास सांगतात. शरीररचनाशास्त्र शिकवताना मेंदूच्या तळावरचे पातळ आवरण हलकेच सोलले की एका बाजूची पश्च संयोजी धमनी (वर्तुळाच्या पुढच्या आणि मागच्या धमन्यांना जोडणारी) सुतासारखी बारीक आणि दुसऱ्या बाजूची चांगली जाड, हे अनेकदा दिसते.

अशी जाड धमनी ही बहुधा गर्भावस्थेतील रचनाच टिकून राहिलेली असते आणि त्या बाजूच्या मेंदूच्या मागच्या भागाला मुख्य रक्तपुरवठा मानेतून मेंदूकडे जाणाऱ्या अंतर्गत कॅरोटिड धमनीकडून तिच्याच वाटे होतो. तिच्या मुळाशी आलेल्या अॅन्युरिझमला क्लिप लावताना ही धमनीही दाबली गेली, तर दृष्टिकेंद्राला इजा होऊन रुग्णाला दोन्ही डोळ्यांनी समोरच्या दृश्याची एक बाजू दिसेनाशी होऊ शकते. शस्त्रक्रियेआधीच्या अँजिओग्राफीत (रक्तवाहिन्यांच्या चित्रण-तपासणीत) फुग्याइतकेच लक्ष या रचनेकडेही दिले जाते ते याचसाठी, आणि लेखात त्याचा एका ओळीचाही उल्लेख नाही, हे फार खटकले.