रँडम नंबरपेक्षा वॉलेट जास्त छळतं

ऑनलाइन कॅसिनोतल्या डेव्हलपरचं मुख्य काम म्हणजे रँडम नंबर जनरेटर (खेळाचा निकाल ठरवणारे यादृच्छिक आकडे काढणारा प्रोग्राम), असं एका लेखात वाचलं. ते पटलं नाही. तो भाग एकदा लिहून, स्वतंत्र प्रयोगशाळेकडून तपासून घेतला की त्याला सहसा कुणी हात लावत नाही. रोजचा घाम निघतो तो वॉलेटवर, म्हणजे खेळाडूंचे पैसे सांभाळणाऱ्या प्रणालीवर.

समजा, खेळाडूने १० युरो लावले. गेम सर्व्हरने वॉलेटला डेबिट (पैसे कापायची विनंती) पाठवलं आणि उत्तर यायच्या आत टाइमआउट झाला, म्हणजे वाट पाहायची मुदत संपली. पैसे कापले गेले की नाही, कळायला मार्ग नाही, म्हणून तीच विनंती पुन्हा जाते. व्यवहाराचा आयडी तोच नसेल, किंवा डेटाबेसमध्ये त्यावर युनिक बंधन (एक आयडी दोनदा नोंदवता न येण्याचं) नसेल, तर खेळाडूचे २० युरो गेले. त्याच्या खिशातले, हे विसरू नये.

याहून वाईट म्हणजे रोलबॅक (व्यवहार उलटवायची विनंती) आधी पोहोचतो आणि मूळ डेबिट मागून येतं. अशा वेळी ‘व्यवहार सापडला नाही’ म्हणून रोलबॅक सोडून द्यायचा नाही. तो आयडी रद्द म्हणून नोंदवायचा, म्हणजे उशिरा आलेलं डेबिट नाकारता येतं. आणि रकमा सेंटमध्ये, पूर्णांकातच ठेवा. फ्लोट, म्हणजे अंदाजे साठवले जाणारे दशांश आकडे, अजिबात नको.

रँडमबद्दल एवढंच: पत्त्यांच्या खेळात पत्ता काढताना रँडम बाइटला (० ते २५५ मधल्या आकड्याला) ५२ ने भागून बाकी घेऊ नका. २५६ ला ५२ ने पूर्ण भाग जात नाही; पहिल्या ४८ पत्त्यांना प्रत्येकी ५ संधी मिळतात, शेवटच्या चारांना ४. बाइट २०८ किंवा जास्त आला तर तो टाकून नवा घ्यायचा.