उताणे झोपा!

म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो, असं म्हणतात. इथे म्हातारी ठणठणीत आहे, काळ तिच्या मनगटाला बांधलेला होता आणि दुःख म्हणाल तर मला पाच युरोंचं आहे. युरो सध्या शंभराच्या आसपास खेळतोय. हिशेब तुम्हीच करा, मी तो अजून करतोय.

ऑस्ट्रियातल्या साल्झबुर्गहून आगगाडीने दीडेक तास दक्षिणेला गेलं की बाड गास्टाइन लागतं. हजार मीटर उंचीवर, आल्प्सच्या कड्याला धरून बसलेलं गाव. आपल्याकडे गावाच्या मधोमध पुतळा आणि रिक्षास्टँड असतो, तिथे यांचा धबधबा आहे. तीन टप्प्यांत ३४१ मीटर खाली येतो आणि रात्रभर गर्जतो. दोन्ही अंगांना शंभरी ओलांडलेली उंचच उंच हॉटेलं. गावात सपाट असं काही नाही. समोर दिसणाऱ्या दुकानात जायचं तर आधी दोन जिने उतरा, मग तीन चढा. सांधेदुखीवर प्रसिद्ध असलेल्या गावाने एवढे जिने का बांधावेत? मला वाटतं गिऱ्हाईक टिकवायला.

डोंगराच्या पोटातून रोज सुमारे पन्नास लाख लिटर गरम पाणी येतं आणि त्यात शेकायला लोक शतकानुशतकं येताहेत. जर्मनीचा कैसर पहिला विल्हेल्म कित्येक उन्हाळे यायचा. त्याचा पंतप्रधान बिस्मार्क आला आणि १८६५च्या ऑगस्टमध्ये ऑस्ट्रियाबरोबर इथेच एक करार झाला. पुढच्याच वर्षी दोघांचं युद्ध जुंपलं. म्हणजे पाण्याचा गुण स्वभावाला येत नाही, हे तेव्हाच सिद्ध झालं होतं.

तर आम्ही दोघं सकाळी नऊला एका गरम पाण्याच्या तलावात शिरलो. तीन तासांचं तिकीट. मनगटाला चिपचा पट्टा. माझा बेत सरळ होता: तीन तासांचे पैसे दिलेत, तीन तास पाण्यात काढायचे. कोकणातल्या उन्हवऱ्याच्या गरम कुंडात लहानपणी आम्ही बोटांच्या मनुका होईपर्यंत बसायचो आणि तिथे तर फुकट होतं.

कोपऱ्यात पाठीवर कारंज्याची धार घेत डोळे मिटले होते, तेवढ्यात खांद्यावर टकटक झाली.

"वीस!"

समोर एक आजी. पंच्याऐंशीच्या तरी असाव्यात. डोक्याला नारिंगी रबरी टोपी, तिच्यावर रबराचीच फुलं, त्यातलं एक फूल देठातून निखळून कानावर लोंबत होतं. हातात पुरुषी, जाडजूड, पाण्यात चालणारं घड्याळ. त्याच्या काचेवर त्यांनी नखाने टकटक केली.

"वीस मिनिटं झाली. आता बाहेर."

मला वाटलं, कर्मचारी असतील. बाहेर निघालो. मग लक्षात आलं की कर्मचारी फुलांची टोपी घालून पाण्यात बसत नाहीत. थांबून म्हटलं, "आमचं तिकीट तीन तासांचं आहे."

"तिकीट तीन तासांचं. हृदय एक."

यावर काय बोलणार? बायको म्हणाली, "अहो, ऐका ना त्यांचं. वयाने मोठ्या आहेत." माझ्या सख्ख्या आत्याबाबत हा नियम तिने कधी लावल्याचं स्मरत नाही.

पाण्यातून निघाल्यावर अर्धा तास पडून राहायचं, अशी तिथली रीत. त्यासाठी एक वेगळं दालन. काचेच्या भिंतीपलीकडे डोंगर, अलीकडे ओळीने लांबट खुर्च्या आणि त्यांवर घोंगड्या पांघरून पडलेली माणसं. कुणी खाकरलं तरी पाच डोकी वळायची. आजींनी आम्हाला दोन खुर्च्या नेमून दिल्या आणि स्वतः तिसरीत बसल्या. पडल्या नाहीत, बसल्या. देखरेखीला.

मी डाव्या कुशीवर वळलो.

"उताणे."

मी ऐकलंच नाही असं दाखवलं. घोंगडीचं टोक ओढलं गेलं.

"उताणे झोपा. पाठीवर."

आता मात्र माझ्यातला पुणेकर उठून बसला. झोप मला शिकवताय? ज्या शहराने एक ते चार झोपण्यासाठी गिऱ्हाइकाच्या तोंडावर शटर ओढलं, जगाची टिंगल सोसली पण पाय मागे घेतला नाही, त्या शहरातल्या माणसाला? मी कुजबुजत पण ठामपणे सांगितलं की डाव्या कुशीवर पडणं हे आमच्याकडचं हजारो वर्षांचं शास्त्र आहे. अन्न नीट पचतं.

"जेवलात?"

"नाही अजून."

"मग?"

मी उताणा झालो. छताला एकूण किती दिवे आहेत हे मला आता पाठ आहे. शेजारी बायको तिसऱ्या मिनिटाला गाढ झोपली आणि चक्क घोरली. तिच्याकडे मात्र एकही डोकं वळलं नाही. आजींनी तिच्या पायावरची घोंगडी सारखी केली आणि माझ्याकडे बघून मान हलवली: शिका काहीतरी.

दुसऱ्या डुबकीला आजी जरा सैलावल्या. कुठून आलात? इंडिया. म्हटलं आता संधी आहे, या बाईंना आपली ओळख करून द्यावी. सांगितलं, आमचे नेताजी सुभाषचंद्र बोस तुमच्या गावी उपचारांना, विश्रांतीला यायचे. १९३७च्या डिसेंबरात इथेच बसून त्यांनी आत्मचरित्राची दहा प्रकरणं लिहिली आणि परत जाऊन ते काँग्रेसचे अध्यक्ष झाले. हे सांगताना माझा आवाज थोडा भरून आला होता. खोटं कशाला बोला, गावात शिरल्यापासून तोच एक विचार मनात होता, की एका गुलाम देशाचा माणूस या थंडीत, या धबधब्याच्या गर्जनेत एकटा लिहीत बसला असेल.

आजींनी सगळं शांतपणे ऐकलं. मग विचारलं,

"विश्रांतीला आले होते?"

"हो."

"आणि लिहीत बसले?"

"हो."

"त्यांना कोणी सांगितलं नाही?"

कारंज्याचा आवाज एवढा मोठा होता की मला उत्तर द्यावं लागलं नाही. शिवाय वीस मिनिटं झालीच होती.

या पाण्याची आणखी एक गंमत. यात रेडॉन नावाचा किरणोत्सर्गी वायू असतो. हाइन्रिश माखे नावाच्या शास्त्रज्ञाने १९०४ साली इथल्या पाण्यातला किरणोत्सर्ग मोजला, तेव्हापासून गावाचा भाव वधारला. शेजारच्या बोकश्टाइनमध्ये तर सोन्याच्या खाणीचं जुनं भुयार आहे. सोनं फारसं मिळेना, पण मजुरांची सांधेदुखी जायला लागली, तेव्हा भुयाराचा दवाखाना केला. आत छोट्या आगगाडीने नेतात आणि जवळजवळ चाळीस अंशांच्या दमट उकाड्यात पडून राहायला सांगतात. मे महिन्यातल्या दादरला हे सगळं विनाशुल्क मिळतं, फक्त आडवं व्हायला जागा नाही. आमच्याकडे जैतापुरात किरणोत्सर्गाच्या नुसत्या नावाने मोर्चे निघाले. इथे त्याच नावाने आगाऊ नोंदणी करतात. मात्रेचा फरक असतो हे मलाही कळतं, आजींसारखं समजावू नका.

दुसऱ्या विश्रांतीत घात झाला. उताणा असूनही मला झोप लागली. जागा झालो तर बारा वाजून गेलेले, बायको कपडे करून तयार, आणि आजी समाधानाने बघत होत्या. "उठवलं का नाही?" मी किंचाळलो. पाच डोकी वळली.

"झोप चांगली होती," आजी म्हणाल्या.

दारात चिप लावली तर लाल दिवा. वेळ उलटल्याबद्दल माणशी अडीच, दोघांचे पाच युरो. मी काउंटरवरच्या मुलीला समजावू लागलो की पाण्यात आम्ही चाळीसच मिनिटं होतो, बाकीचा वेळ आडवे होतो, तेही उताणे, तेही या बाईंच्या सांगण्यावरून. आजी मागेच होत्या. त्या पुढे सरसावल्या, मुलीशी जर्मनमध्ये खूप बोलल्या. हातवारे झाले, माझ्याकडे बोट झालं, घोरण्याची नक्कलही झाली. मुलगी हसली, कौतुकाने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली,

"फार छान. पाच युरो."

मग आजींनी आपला पट्टा लावला. हिरवा दिवा. वर्षाचा पास! अहो, वर्षाचा पास असल्यावर मीसुद्धा जगाला झोपवत फिरेन!

तक्रार करायची म्हटलं तर ते बघणाऱ्या बाई जेवायला गेल्या होत्या. दोनला येतील. औषधाच्या दुकानात गेलो, तेही बारा ते दोन बंद. याची टिंगल कोणी करत नाही. आम्ही दुपारी बंद ठेवलं की माज, यांनी ठेवलं की जीवनशैली. आमची दुपारची झोप हा विनोदाचा विषय आणि हीच झोप काचेच्या भिंतीआड, घोंगडीसकट, मिनिटांच्या दराने विकली की आरोग्य. एवढा राग मला त्या पाच युरोंचाही आला नव्हता.

दुपारी तारेवरच्या पाळण्यातून श्टुबनरकोगेल डोंगरावर गेलो. वर १४० मीटर लांबीचा झुलता पूल आहे, रुंदी जेमतेम मीटरभर. समोर ३७९८ मीटरचा ग्रोसग्लोकनर दिसतो असं फलकावर लिहिलं होतं. फलक स्वच्छ दिसत होता. बाकी ढग. पुलाच्या मध्यावर बायकोने विचारलं, "पाळण्याचं तिकीट आहे ना नीट ठेवलेलं?" त्यानंतर मी वाऱ्यात सगळे खिसे उलटे केले. तिकीट तिच्याच पर्समध्ये होतं.

संध्याकाळी जिने चढून-उतरून माझे गुडघे बोलायला लागले. सकाळी तलावात उतरण्यापूर्वी ते गप्प होते, याची नोंद घ्यावी. कैसर विल्हेल्मच्या नावाच्या रस्त्यावर एक बाक दिसला. बायकोला म्हटलं, तू फोटो काढ. आणि बाकावर आडवा झालो. उताणा. सवयच लागली होती.

टक. टक. टक. दोन काठ्यांचा आवाज जवळ येऊन थांबला.

डोळे उघडले. नारिंगी टोपी नव्हती, पण घड्याळ तेच. आजी बोकश्टाइनपर्यंत चालत जाऊन परत आल्या होत्या आणि त्यांना दमही लागलेला नव्हता. त्यांनी काठीचं टोक माझ्या बुटावर दोनदा आपटलं.

"ही झोपायची वेळ नाही. उठा. चाला."

मी बायकोकडे बघितलं. ती बाकावरची माझी बॅग उचलून केव्हाच आजींच्या बाजूला जाऊन उभी होती.