आमच्या गल्लीचा फूटपाथ आणि सतरा वारस

परवा आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन चाललो होतो. पुण्यातल्या नारायण पेठेतली आमची गल्ली एका चौकापासून दुसऱ्या चौकापर्यंत जेमतेम अडीचशे पावलं. तेवढ्यात आई सात वेळा चढली आणि सात वेळा उतरली. दवाखान्यात टेकल्यावर म्हणाली, "डोळ्यांचं राहू दे, आधी गुडघे दाखव."

येताना मुद्दाम बघत आलो. आमच्या बाजूला अकरा घरं. इमारत, वाडा, इमारत, बखळ, पुन्हा वाडा. दोन घरांची कड एका रेषेत असेल तर शपथ. नव्या इमारती आत सरकलेल्या, वाडे तिथेच रस्त्यावर पाय सोडून बसलेले.

कारण साधं आहे. विकास आराखड्यात, म्हणजे डीपीत, रस्तारुंदीची रेषा आखलेली असते. नव्या बांधकामाची परवानगी मागणाऱ्याने त्या रेषेपर्यंतची जागा सोडायची, बदल्यात एफएसआय (त्याच जागेवर जास्तीचं बांधकाम) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता किंवा विकता येणारा बांधकामाचा हक्क) घ्यायचा. जो परवानगी मागायला जातच नाही, त्याच्या ओट्याला सहसा कोणी हात लावत नाही. म्हणजे रस्ता रुंद करण्याचं काम महापालिकेने घराघरातल्या वाटण्यांवर सोपवलंय. भावाभावांचं जमलं की तेवढ्यापुरता रस्ता रुंद. नाही जमलं तर पुढची पिढी बघेल. आणि मिळालेल्या जागेचं काय होतं? दोन्ही बाजूंना जुन्या भिंती, मध्ये खोबण. तिथे आठ स्कूटर, राडारोड्याची दोन पोती आणि विजेची डीपी. डीपीच्या रेषेने मिळालेल्या जागेत डीपी, हा विनोद मी केलेला नाही.

गंमत पुढे आहे. गल्लीत सध्या जी इमारत पाडतायत ती वाडा नव्हेच. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं, नदीकाठच्या पेठांमधले कितीतरी वाडे बसले, त्यातल्याच एकाच्या जागी उभी राहिलेली ती तीन मजली, बिनलिफ्टची इमारत. लहानपणी आम्ही तिला 'नवी बिल्डिंग' म्हणायचो. ती चालली. तिच्या शेजारचा, तिच्या आजोबाच्या वयाचा वाडा मात्र टेकूंवर उभा आहे. इमारतीची सोसायटी आहे, जागा सोसायटीच्या नावावर आहे, ५१ टक्के सभासद हो म्हणाले की पुनर्विकासाची गाडी हलते. वाड्याच्या प्रॉपर्टी कार्डावर सतरा नावं. त्यातली चार परदेशात, दोन एकमेकांशी बोलत नाहीत, आणि एकाचं हक्कसोडपत्र झालंय की नाही यावरच दावा चालू. शिवाय सहा भाडेकरू. त्यांना शिव्या घालणं सोपं आहे. पण १९४७ च्या कायद्याने भाडं बांधलं ते १ सप्टेंबर १९४० च्या दराला. २००० साली नवा कायदा लागू झाला आणि वर्षाला चार टक्के वाढ मिळू लागली. चाळीस रुपयांवर चार टक्के! मालक त्या पैशात कौलं बदलणार की माणूस लावून उंदीर मारणार? म्हणून पावसाळ्याआधी धोकादायक इमारतीची नोटीस येते, दिंडीदरवाज्यावर चिकटते, पावसात भिजून गळते.

पायऱ्यांचंही तसंच. वाड्याच्या दगडी जोत्याला माझ्या लहानपणी चार पायऱ्या होत्या. आता दीड आहे. जोतं खचलेलं नाही, रस्ता वर आलाय. डांबरावर डांबर, मग काँक्रीट. नवी इमारत बांधणारा या चढाचा हिशेब धरून आपला पार्किंगचा मजला आणखी उंच घेतो, पुढे उतार काढतो, आणि त्याच्या अंगणातलं पाणी थेट वाड्याच्या चौकात. आई सात वेळा का चढली-उतरली त्याचं उत्तर हे. प्रत्येकाने आपापल्या दारापुरती पातळी ठरवली.

आता इथे कोणीतरी लिहीलच, वाडा संस्कृती गेली हो. लिहिणारा बहुधा बाणेरला टू बीएचकेत असेल. मी त्या वाड्यात आत्याकडे राहिलोय. सागवानी खांब सुंदर होते हे खरं, आणि रात्री पावसात छत्री धरून चौकापलीकडच्या सामायिक संडासाला जावं लागायचं हेही खरं. राहणाऱ्यांनी तिथेच कुजावं असं मला वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच की हे अर्धवट प्रकरण थांबवा. एक तर गल्लीच्या एका बाजूची सगळी घरं एकत्र घ्या. हजार-बाराशे चौरस फुटांच्या चिंचोळ्या प्लॉटवर स्वतंत्र लिफ्ट, जिना आणि पार्किंग कोंबण्यापेक्षा चार प्लॉट जोडणाऱ्याला खरोखर सवलत द्या, आणि वारसांच्या भांडणाला मुदत घाला. ते झेपत नसेल तर आतल्या गल्ल्यांमधली रुंदीची रेषा सरळ पुसून टाका. लोकांना जुन्या कडेवरच बांधू दे. गल्ली अरुंद राहील, पण सलग राहील. आणि काहीही ठरलं तरी फूटपाथची पातळी महापालिकेने ठरवावी, बिल्डरच्या गवंड्याने नव्हे. तिसरा पर्याय आपण गेली कित्येक वर्षं बघतोच आहोत. त्यात गाड्यांना रस्ता मिळालेला नाही आणि माणसांना फूटपाथ.

वाड्याच्या पुढच्या खोलीत किल्ल्या करून देणारे एक काका बसतात. त्यांना विचारलं, तुमचं काय ठरलं? हातातली कानस न थांबवता म्हणाले, "बिल्डर येऊन गेले. तिसरे. चहा घेतात आणि जातात."

आईची पुढची तारीख महिन्याने आहे. तिने सांगून टाकलंय, रिक्षा कर. अडीचशे पावलांसाठी येणारा रिक्षावाला पुण्यात कोणाच्या ओळखीचा असेल तर कमेंटमध्ये कळवा.